‘काही नाही’ म्हणण्याआधी: रस्त्याच्या आधी शेतात खणले जाणारे चर

मागचे काही भाग किल्ले, लढाया आणि तह यांत गेले. आजच्या भागात एकही लढाई नाही. आज एक मोकळं शेत आहे, एक पोकलेन आहे आणि पोकलेनच्या बकेटसमोर पिवळं जॅकेट घालून उभी असलेली एक पुरातत्त्वज्ञ आहे. ती हाताने खूण करते. बकेट जमिनीला लागतं, मातीचा पातळ थर सोलून निघतो. थांबा. बघा. पुन्हा सोला.

इंग्लंडच्या ग्रामीण भागात हे अगदी रोजचं दृश्य आहे. शेतावर घरं येणार असतील, रस्ता जाणार असेल, खाण सुरू होणार असेल, तर त्याआधी त्या जमिनीत असे लांबट, अरुंद चर खणून बघतात. याला आपण चाचणी चर म्हणू. प्रश्न एकच असतो: या मातीखाली आपल्या आधीच्या माणसांचं काही आहे का?

मी धंद्याने सॉफ्टवेअर इंजिनिअर. माझी डिग्री बीटेकची, इतिहासाची नाही. पण या चरांबद्दल वाचायला लागलो आणि मला माझ्याच कामातलं काहीतरी दिसलं. आम्ही कोड लाइव्ह करण्याआधी टेस्ट चालवतो. सगळं तपासणं शक्य नसतं, म्हणून नमुना तपासतो. ‘टेस्ट चालवल्या, बग सापडला नाही’ आणि ‘टेस्ट चालवल्याच नाहीत, त्यामुळे बग सापडला नाही’ ही दोन वाक्यं कागदावर जवळजवळ सारखी दिसतात. त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. आजचा अख्खा भाग त्या फरकाबद्दल आहे.

चर नेमका खणतात कसा?

समजा, एका गावाबाहेर १० हेक्टर शेत आहे, म्हणजे साधारण २५ एकर. तिथे घरं बांधायची आहेत. पहिलं काम टेबलावर होतं. जुने नकाशे, विमानातून काढलेले फोटो, आसपास पूर्वी काय सापडलं त्याच्या नोंदी, सगळं गोळा करायचं. इंग्लंडमध्ये या नोंदींची स्थानिक पातळीवर यादी ठेवलेली असते. कुणाला नांगरताना नाणं सापडलं, कुठे रोमन खापरं दिसली, कुठे जुनी भिंत लागली, हे त्यात असतं.

मग बऱ्याचदा शेतावरून चुंबकमापी फिरवतात. जिथे पूर्वी आग पेटली होती किंवा जिथे खड्डा खणून नंतर तो वेगळ्या मातीने भरला गेला, तिथे मातीचे चुंबकीय गुण थोडे बदललेले असतात. यंत्राला तो बदल कळतो आणि काळ्या-करड्या रंगांचा एक नकाशा तयार होतो.

आणि मग येतो पोकलेन. त्याला नेहमीचं दातांचं बकेट लावत नाहीत, सपाट धारेचं लावतात. दातांनी माती ओरबाडली जाते. सपाट धारेने ती सोलली जाते, आणि खालचा पृष्ठभाग स्वच्छ दिसतो. चर साधारण दोन मीटर रुंद, तीस ते पन्नास मीटर लांब. नांगराने वर्षानुवर्षं उलथलेली वरची माती काढून टाकायची आणि माणसाचा हात न लागलेल्या मूळ मातीपर्यंत जायचं. तिथे पोहोचलं की थांबायचं.

आता बघायचं काय? रंग. सोनंनाणं शोधायला कुणी आलेलं नसतं. दोन हजार वर्षांपूर्वी कुणी खांब रोवायला खड्डा केला असेल, तर लाकूड कधीच कुजून गेलं, पण खड्ड्यात भरलेली माती आजही आजूबाजूच्या मातीपेक्षा वेगळी दिसते. पिवळ्या मातीत एक गोल, काळपट डाग. असे डाग एका रांगेत दिसले तर ती भिंत असू शकते. वर्तुळात दिसले तर गोल घर. एक लांब काळपट पट्टा चर ओलांडून आडवा गेला तर तो खंदक. आपल्याकडे शेताच्या हद्दीला बांध असतो, तिकडे जुन्या काळी हद्दीला अनेकदा खंदक असे. माती भरून तो बुजला, तरी त्याची रेघ राहिली.

डाग दिसले की मशीन बाजूला. मग खुरपी, म्हणजे त्यांची थापीसारखी छोटी ट्रॉवेल. खड्डा अर्धाच खणतात, म्हणजे कडेला मातीचे थर उभे कापलेले दिसतात. फोटो, मोजमाप, चित्र, मातीचा नमुना. मग चर बुजवून टाकतात आणि अहवाल लिहितात. असे हजारो अहवाल यॉर्क विद्यापीठाच्या पुरातत्त्व डेटा संग्रहात फुकट वाचता येतात. मी त्यातले कितीतरी मोबाईलवर लोकलमध्ये वाचलेत. भाषा एकदम कोरडी: चर क्रमांक ७, लांबी अमुक, खोली तमुक, काही आढळले नाही. चर क्रमांक ८, एक खंदक, खापराचे तीन तुकडे. पण त्या कोरडेपणात एक प्रामाणिकपणा आहे. रिकाम्या चराचीही नोंद असते.

ही पद्धत आली कुठून?

सुरुवात खरं तर आकाशातून झाली. पहिल्या महायुद्धानंतर ओ. जी. एस. क्रॉफर्ड नावाच्या गृहस्थांना ब्रिटनच्या सरकारी नकाशा विभागात, म्हणजे ऑर्डनन्स सर्व्हेमध्ये, १९२० साली पुरातत्त्व अधिकारी नेमलं. हवाई दलाने काढलेले फोटो बघताना शेतांमध्ये चौकोन आणि वर्तुळं दिसत होती. कारण साधं होतं. बुजलेल्या खंदकात माती खोल असते, ओल टिकते, म्हणून त्यावरचं पीक उंच आणि जास्त काळ हिरवं राहतं. पुरलेल्या भिंतीवर माती उथळ असते, तिथलं पीक आधी पिवळं पडतं. शेतकऱ्याला बांधावरून जे तुटक दिसतं, ते विमानातून नकाशासारखं दिसायला लागलं. इंग्लंडच्या शेतांखाली किती काय आहे, याचा अंदाज तिथून वाढत गेला.

दुसऱ्या महायुद्धानंतर बांधकामाचा धडाका सुरू झाला. १९६० आणि ७० च्या दशकांत मोटरवे बांधले जात होते. नैऋत्येकडे एम-५ हा मोटरवे होत असताना पुरातत्त्वज्ञ मशीनच्या मागे-पुढे धावत नोंदी करत होते, आणि अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त स्थळं सापडली. रस्ता काही इतिहास बघून आखलेला नव्हता. तो आपला सरळ शेतांतून चालला होता, आणि वाटेत जागोजागी जुनी वस्ती लागत होती. म्हणजे ज्याला ‘रिकामी जमीन’ म्हणत होते, ती रिकामी नव्हतीच. १९७१ साली ‘रेस्क्यू’ नावाची संस्था स्थापन झाली, ती याच अस्वस्थतेतून. अर्थ सरळ आहे: वाचवा.

पण ‘वाचवा’ची एक अडचण असते. त्यात पुरातत्त्वज्ञ नेहमी उशिरा पोहोचतो. मशीन आलेलं असतं, ठेकेदाराचं मीटर चालू असतं, आणि तुम्ही हातात खुरपी घेऊन दोन दिवस मागत असता. आमच्या भाषेत सांगायचं तर लाइव्ह गेल्यावर टेस्टिंग.

ठिणगी पडली १९८९ साली, आणि तीही शेतात नाही, लंडनमध्ये. सदर्कला ऑफिसची इमारत बांधताना रोझ नाटकघराचे अवशेष लागले. १५८७ साली बांधलेलं हे नाटकघर. मार्लो आणि शेक्सपिअर यांची नाटकं जिथे झाली, ती जागा. नाटकवाले, नट, सामान्य लोक रस्त्यावर उतरले. शेवटी इमारतीचा आराखडा बदलून अवशेष खाली जपले गेले. सगळ्यांची फरपट झाली, बिल्डरचीसुद्धा. आणि सगळ्यांच्या लक्षात आलं की हा प्रश्न फार आधी विचारायला हवा होता.

नोव्हेंबर १९९० मध्ये सरकारने नियोजन धोरण मार्गदर्शिका क्रमांक १६ काढली. वर्षानुवर्षं तिकडचे लोक तिला नुसतं ‘सोळा नंबर’ या अर्थाने ओळखत. त्यातल्या दोन कल्पना महत्त्वाच्या. एक: परवानगी द्यायची की नाही हे ठरवण्याच्या आधीच जमिनीखाली काय आहे याचा अंदाज घ्या. दोन: जो जमीन बदलणार आहे, त्या खोदकामाचा खर्च त्याने उचलायचा. १९९२ मध्ये युरोपातल्या देशांनी माल्टामध्ये वॅलेटा करार केला, त्यातही हाच विचार आहे. इंग्लंडमधली ती मार्गदर्शिका आता नाही, पण २०१२ पासूनच्या राष्ट्रीय नियोजन धोरणात कल्पना तीच राहिली.

बघा, चर खणण्याची युक्ती काही नवी नव्हती. नवी होती ती वेळ. खोदकाम परवानगीच्या नंतरून परवानगीच्या आधी आलं. ‘सापडलं तर बघू’च्या जागी ‘आधी बघू’ आलं.

एक रस्ता, सहा हजार वर्षं

याचा परिणाम काय होतो, ते एका रस्त्यावरून बघू. केंब्रिज ते हंटिंग्डन हा ए-१४ रस्ता. साधारण ३४ किलोमीटरचं काम, दीड अब्ज पौंडांचा प्रकल्प, २०२० मध्ये पूर्ण वाहतुकीला खुला झाला. जायचा होता मुख्यतः शेतांतून.

आधीच्या तपासण्यांवरून कुठे मोठं खोदकाम करायचं ते ठरलं. मग ४० हून जास्त ठिकाणी उत्खनन झालं. सर्वांत जास्त काम चालू असताना अडीचशेच्या आसपास पुरातत्त्वज्ञ एकाच वेळी मैदानात होते. आणि निघालं काय? नवाश्मयुगीन वर्तुळाकार समारंभस्थळं. लोहयुगातल्या वस्त्या. रोमन काळातल्या मडकी भाजण्याच्या भट्ट्या. आठव्या ते बाराव्या शतकात नांदलेलं आणि मग लोकांनी सोडून दिलेलं एक आख्खं गाव. आपल्या महसुली दप्तरात अशा गावाला ‘बेचिराग’ म्हणतात, जिथे दिवा लावायला कुणी उरलं नाही असं गाव.

मला यातल्या दोन छोट्या गोष्टी जास्त आवडतात. एका छोट्या रोमन काळच्या शेतवस्तीवरच्या खंदकात एक सोन्याचं नाणं मिळालं. ते लेलियानस नावाच्या बंडखोर सम्राटाचं. हा माणूस इसवी सन २६९ मध्ये जेमतेम दोन महिने सत्तेवर होता, मग तो मारला गेला. इंग्लंडमध्ये उत्खननात मिळालेलं त्याचं हे दुसरंच नाणं. दोन महिन्यांच्या सम्राटाचं नाणं एका साध्या शेतवस्तीपर्यंत पोहोचलं होतं!

दुसरी गोष्ट जळक्या तुकड्यांची. मातीचे नमुने पाण्यात चाळले की जळलेलं धान्य वेगळं होतं. त्यातले काही तुकडे पावाचे असतील असं वाटावं असे होते. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची रचना वेगळी निघाली. ते बिअर बनवतानाचे, धान्य आंबवण्याच्या प्रक्रियेतले उरलेले तुकडे होते, साधारण इसवी सनपूर्व ४०० पर्यंत मागे जाणारे. ब्रिटनमधल्या बिअर बनवण्याच्या सर्वांत जुन्या पुराव्यांपैकी एक. हे सगळं एका रस्त्याच्या भरावाखाली कायमचं गेलं असतं.

आणि आता सर्वांत महत्त्वाचं. रस्ता झाला. इतकं सापडूनही रस्ता अडला नाही. आज त्या जागेवरून ट्रक धावतात. खणलेलं स्थळ खणतानाच संपतं. उरतात ते फोटो, मोजमापं, नमुने, वस्तू आणि अहवाल. हा सौदा काही जणांना पटत नाही, आणि त्यांचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. कारण उद्याच्या पुरातत्त्वज्ञाकडे जास्त चांगली साधनं असतील, पण त्याला खणायला ती जागा नसेल. तरीही ‘नोंद करून मग बांधा’ आणि ‘न बघता बांधा’ यांत पहिला पर्याय कधीही बरा.

आता थोडं गणित

घाबरू नका, दहावीच्या पुढे जाणार नाही.

आपलं १० हेक्टरचं शेत म्हणजे १,००,००० चौरस मीटर. समजा त्यातल्या ४ टक्के भागावर चर खणायचे ठरले. म्हणजे ४,००० चौरस मीटर. एक चर ५० गुणिले २, म्हणजे १०० चौरस मीटर. तर ४० चर. आता या शेतात खाली दोन गोष्टी पुरलेल्या आहेत असं धरा. एक, ५० गुणिले ५० मीटरचं खंदकाने वेढलेलं आवार, म्हणजे २०० मीटर लांबीची रेघ. दुसरी, एकुलती एक कबर, दोन मीटर लांब.

फ्रान्सच्या ब्यूफोंने अठराव्या शतकात एक गणित मांडलं होतं: रेघा आखलेल्या जमिनीवर सुई टाकली तर ती रेघेला कितीदा छेदेल? तेच इथे लागू होतं. ५० मीटरचे ४० चर कसेही टाकले, तर २०० मीटरच्या त्या खंदकाला ते सरासरी दोन-तीन ठिकाणी छेदतील. म्हणजे आवार सापडण्याची शक्यता चांगलीच. आणि कबर? ती चरात येण्याची शक्यता शंभरात जेमतेम सात.

एकाच शेतात, त्याच दिवशी, त्याच मशीनने, त्याच माणसांनी खणलं. लांब रेघ सापडेल, कबर बहुतेक सुटेल.

हे फक्त माझं कागदावरचं गणित नाही. २००१ साली गिल हे आणि मार्क लेसी यांनी हेच तपासलं होतं. आधीच पूर्ण उत्खनन झालेली १२ ठिकाणं त्यांनी घेतली. खाली काय होतं हे माहीत होतंच. मग त्या नकाशांवर वेगवेगळ्या टक्केवारीचे, वेगवेगळ्या मांडणीचे चर आखून बघितलं की चाचणीत किती कळलं असतं. निष्कर्ष असा की बाकी पद्धतींपेक्षा मशीनने खणलेले चर सर्वांत जास्त सांगतात. पण सगळ्या काळांबद्दल सारखं सांगत नाहीत. लोहयुग आणि रोमन काळ चांगला पकडला जातो, कारण त्यांचे खंदक लांबलचक. नवाश्मयुग, कांस्ययुग, सुरुवातीचे सॅक्सन यांची विखुरलेली घरं आणि खड्डे सहज निसटतात.

याचा अर्थ लक्षात घ्या. जो समाज जमिनीवर मोठ्या रेघा ओढतो, तो इतिहासात जास्त दिसतो. जो लाकडाचे चार खांब रोवून राहिला आणि निघून गेला, तो कमी दिसतो. पद्धत प्रामाणिक असली तरी तिला स्वतःचा कल असतो. टेस्ट लिहिणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत आहे: जे तपासायला सोपं, तेच आपण जास्त तपासतो.

म्हणून ‘४० चर खणले, काही सापडलं नाही’ याचा अर्थ ‘इथे काही नव्हतं’ असा होत नाही. त्याचा अर्थ ‘मोठं काही असतं तर बहुतेक दिसलं असतं, छोटं काही असू शकतं’ असा होतो. चुकण्याची शक्यता किती, हे माहीत असलेलं उत्तर. माझ्या मते चाचणी चराची खरी कमाई हीच आहे.

काळी आणि पांढरी

आता आपल्या मातीत येऊ. इथे यायला कारण आहे, आणि ते कारण आपल्या भाषेतच आहे.

जुन्या मराठी कागदपत्रांत गावाचे दोन भाग असतात: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन. पांढरी म्हणजे वस्तीची जागा. पिढ्यानपिढ्या राख, शेण, पडलेल्या मातीच्या भिंती, चुना, घरातला कचरा साचत जातो आणि वस्तीची माती राखट, पांढुरकी होते. इंग्लंडमध्ये पिवळ्या मातीतला काळा डाग म्हणजे माणूस. आपल्याकडे काळ्या रानातलं पांढरं टेकाड म्हणजे माणूस. युरोपियन पुरातत्त्वज्ञ यायच्या कितीतरी आधी आपल्या शेतकऱ्याने मातीच्या रंगावरून वस्ती ओळखली होती आणि तिला नाव दिलं होतं.

आपल्या पुरातत्त्वाचा तिकडच्या खोदकामाशी थेट धागाही आहे. डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया लंडनला शिकत असताना मॉर्टिमर व्हीलर यांच्या मेडन कॅसलच्या उत्खननात काम शिकले. मग त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नाशिक, जोर्वे, नेवासे इथे खणलं. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला १९६८ ते १९८३ अशी वर्षानुवर्षं खोदाई चालली. सांकलिया, म. के. ढवळीकर, झेड. डी. अन्सारी यांच्या कामातून तीन हजार वर्षांपूर्वीचं एक शेतकरी गाव घरांसकट उभं राहिलं. घरांच्या जमिनीखाली लहान मुलांची दफनं मिळाली: दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले, आत बाळ. मघाचं कबरीचं गणित आठवा. घराखालचे असे दोन रांजण ४ टक्क्यांच्या चरात किती वेळा आले असते?

आणखी एक उदाहरण, प्रवरेकाठचं दायमाबाद. तिथे १९५८-५९ मध्ये उत्खनन झालं होतं. म्हणजे जागा माहीत होती, तज्ज्ञांनी खणलेली होती. तरी १९७४ साली तिथल्या एका शेतकऱ्याला झाडाची मुळं खणताना काय लागलं? बैलजोडीचा रथ आणि तो हाकणारा माणूस, हत्ती, गेंडा, रेडा. चारही कांस्यमूर्ती मिळून वजन साठ किलोंच्या वर! त्यांच्या काळाबद्दल अभ्यासकांत वाद आहेत. पण मुद्दा असा की खणलेल्या जागेवरही दुर्मीळ गोष्ट निसटू शकते. मग जिथे कुणी बघितलंच नाही, तिथल्याबद्दल आपण काय म्हणणार?

आपल्याकडे १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा आहे. २०१० च्या दुरुस्तीनंतर केंद्राने संरक्षित केलेल्या स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढे आणखी २०० मीटर नियंत्रण आहे. पण हे आधीच यादीत असलेल्या जागांसाठी. यादीत नसलेल्या साध्या शेतजमिनीवर काही बांधण्याआधी चाचणी चर खणून बघा, अशी सर्वसाधारण सक्ती आपल्या कायद्यात नाही. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. गावांभोवतीची प्लॉटिंग, एमआयडीसी, वळणरस्ते तर रोजचेच. या सगळ्यात ‘खाली काही नाही’ हे बहुतेक वेळा गृहीत धरलेलं असतं, तपासलेलं नसतं.

आपल्याला हे जमतच नाही असंही नाही. कृष्णेवर नागार्जुनसागर धरण होणार म्हटल्यावर १९५४ ते १९६० अशी सहा वर्षं आर. सुब्रह्मण्यम यांच्या नेतृत्वाखाली नागार्जुनकोंडाच्या खोऱ्यात खोदाई झाली. पाणी चढण्याआधी अश्मयुगापासून मध्ययुगापर्यंतची स्थळं नोंदली गेली, काही वास्तू उचलून टेकडीवर आणि काठावर पुन्हा उभारल्या. टेकडी आज बेट आहे आणि बेटावर संग्रहालय. पण तिथे काय आहे हे आधीपासून माहीत होतं, आणि मोठं होतं. एखाद्या तालुक्यातल्या वळणरस्त्यासाठी तसं कोण करणार?

खरी भीती मात्र वेगळीच आहे, आणि ती शेतकऱ्याची आहे. ‘काही सापडलं म्हणून सांगितलं तर जमीन अडकेल.’ ही भीती खोटी म्हणता येणार नाही. स्मारकाशेजारी घर दुरुस्त करायलाही परवानगीला फिरणारी माणसं आपण बघतो. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेली दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागते, आणि ‘कळवलं की चकरा सुरू’ असं लोकांना वाटतं. म्हणून मूर्ती निघाली तर ती गुपचूप देवळात जाते, खापरं भरावात जातात, पांढरीची माती ट्रॉली भरून दुसऱ्याच्या शेतात खत म्हणून किंवा धाब्याच्या घराच्या छपरावर जाते. माती उचलणाऱ्याची यात काही चूक नाही. त्याच्या उपयोगाची माती आहे ती.

म्हणूनच ए-१४ रस्ता झाला, ही गोष्ट मला त्या सोन्याच्या नाण्यापेक्षा मोठी वाटते. सापडलं म्हणजे सगळं थांबलं, असं होण्याची गरज नसते. आधी बघायचं, वेळ ठरवायची, खर्च प्रकल्पाने करायचा, नोंद करायची, अगदीच अनमोल असेल तर आराखडा थोडा सरकवायचा, नाहीतर बांधायचं. शेतकऱ्याच्या खिशाला हात न लावता हे झालं, तर लपवण्याचं कारणच कमी होतं.

आपण काय करू शकतो

कायदा बदलणं तुमच्या-माझ्या हातात लगेच नाही. पण नोंद आहे. मघाशी म्हटलं ना, तिकडे चर खणण्याच्या आधी टेबलावरचं काम असतं, आणि ते गावोगावच्या जुन्या नोंदींवर चालतं. धाराशिवजवळच्या तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावाच्या पांढरीतून निघणाऱ्या वस्तू स्वतः गोळा करून जपल्या, आज तिथे त्यांच्या नावाचं शासकीय संग्रहालय आहे. प्राचीन तगर नगराबद्दल आपल्याला जे कळतं, त्यात एका गावकऱ्याच्या या चिकाटीचा मोठा वाटा आहे.

सुट्टीत गावी जाल तेव्हा आजी-आजोबांना शेतांची नावं विचारा. ‘पांढरीचं रान’, ‘जुनं गावठाण’, ‘गढीचा माळ’ अशी नावं अनेकदा फक्त जिभेवर असतात, आणि ती पिढी गेली की जातात. नाव लिहून ठेवा, मोबाईलवर जागेचं लोकेशन टाका. खापरं दिसली तर शेजारी पेन किंवा नाणं ठेवून फोटो काढा, पण उचलू नका. कारण जागेवरून हललेलं खापर म्हणजे टाइमस्टॅम्प पुसलेला लॉग. आणि जिथून रस्ता किंवा प्लॉटिंग जाणार आहे असं कळलंय, तिथलं असं काही असेल तर राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाला किंवा जवळच्या विद्यापीठातल्या पुरातत्त्व विभागाला आधी कळवा. मशीन यायच्या आधी. नंतर कळवून उपयोग नसतो, हे इंग्लंडला कळायला १९९० उजाडलं.

तुमच्या गावच्या पांढरीचं नाव काय, ते आम्हाला पाठवा. जमली तेवढी नावं पुढच्या एका भागात वाचून दाखवीन. तोपर्यंत रामराम!